इंदूरच्या बागांतले वसंतातले पक्षी आणि इतर जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, वैशाली नगर इथली ओळखीची माणसं भेटली की पक्ष्यांबद्दल काही ना काही विचारतात. कुणी बागेत फिरताना अडवतं, कुणी लग्नाच्या पंगतीत, कुणी फोनवर आवाज पाठवून. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि ते सगळे चांगले असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

इंदूरमध्ये पक्ष्यांचा वसंत नेमका कधी?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पक्षी त्याच्या बरेच आधी कामाला लागतात. फेब्रुवारी अर्धा उलटला की तांबटाचा आवाज वाढतो, दयाळ गच्चीच्या टोकावर बसून गायला लागतो, शेवग्याच्या फुलांवर सूर्यपक्ष्यांची भांडणं सुरू होतात. तिथपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत भरगच्च. कारण या दिवसांत दोन वेगळ्या हालचाली एकमेकींत मिसळतात. मध्य आशिया, सायबेरिया, हिमालय इथून हिवाळ्यासाठी आलेले पाहुणे परतायच्या तयारीत असतात आणि इथले रहिवासी जोड्या जमवून घरटी बांधायला घेतात. निरोप घेणारे आणि संसार मांडणारे एकाच झाडावर दिसावेत, असे वर्षातले हे जेमतेम आठ आठवडे.

आपलं शहर मालव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मार्चमध्येही पहाट गार असते. शब-ए-मालवाची, म्हणजे मालव्याच्या रात्रीची, कीर्ती मोठी आहे, पण पक्षी बघणाऱ्याला मालव्याची पहाट जास्त देते.

किती वाजता बाहेर पडायचं?

मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यात सहा वाजून गेल्यावर लगेच. उगवल्यापासूनचे दीड-दोन तास सोन्याचे. साडेनऊनंतर ऊन चढतं, पक्षी पानांच्या आत शिरतात आणि गाणं थांबतं. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर जा. पोपटांचे थवे वस्तीला परततात, अंधार पडता पडता पिंगळे ढोलीतून बाहेर येतात आणि वटवाघळं निघतात.

शहरात कुठं जावं?

माझं पहिलं उत्तर नेहमी हेच: घरापासून चालत जाता येईल अशा बागेत, जिथं निदान एक जुना वड, पिंपळ, उंबर किंवा चिंच आहे. लांबच्या तलावावर वर्षातून एकदा जाण्यापेक्षा त्या एका झाडाखाली आठवड्यातून दोनदा उभं राहिलात तर जास्त शिकाल. कोण कुठं घरटं बांधतंय, कुणाची पिल्लं बाहेर आली, हे तिथंच कळतं.

आता नावं. रेसिडेन्सी भागातले जुन्या झाडांचे रस्ते मला शहरात सर्वांत आवडतात. तिथं धनेश, तांबट, पिंगळे, पोपट यांना लागणाऱ्या ढोल्या अजून शिल्लक आहेत. कृषी महाविद्यालयाच्या परिसरात शेतं आणि बांध असल्यामुळे बागेत न दिसणारे मोकळ्या रानाचे पक्षी मिळतात; आत जायचं तर परवानगी विचारून जा. लालबागेत कान्ह नदीकाठची झाडी आहे. नेहरू पार्क लहान आहे, पण मुलांना पहिल्यांदा न्यायला सोयीचा. पिपल्यापाला तलावाभोवतीच्या रीजनल पार्कमध्ये पाणी आणि झाडं दोन्ही आहेत, सकाळी लवकर गेलात तर शांतता मिळते. मेघदूत उपवन सुंदर ठेवलेलं आहे, तिथं बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी भरपूर दिसतात. मात्र गवत कातरलेलं आणि झुडपं छाटलेली असल्यामुळे लाजाळू पक्षी कमी.

पाणपक्ष्यांसाठी धार रोडवरचा सिरपूर तलाव आणि खंडवा रोडवरचा बिलावली. शहराबाहेर जायची तयारी असेल तर गंभीर नदीवरचा यशवंत सागर.

दुर्बीण लागतेच का?

पहिला महिना नको. डोळे आणि कान तयार होऊ द्या. नंतर घ्यावीशी वाटली तर आठ पट मोठं दाखवणारी, म्हणजे ८×४० किंवा ८×४२ घ्या. दुकानदार जास्त आकड्याची दाखवेल, पण ती हातात थरथरते आणि झाडीतला पक्षी सापडतच नाही.

सुरुवात कोणत्या पक्ष्यांपासून करू?

आवाजापासून करा. वसंतात बागेत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो.

दुपारी टळटळीत उन्हात एकसुरी ‘टुक… टुक… टुक…’ येतं, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसं. तो तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, गुबगुबीत, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. आवाज येतो त्या दिशेला झाडाचा सगळ्यात वरचा, निष्पर्ण शेंडा शोधा. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत बोलतो, त्यामुळे आवाज फिरतोय असं वाटतं. वाळलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल, स्वच्छ कोरलेलं भोक दिसलं, तर ते त्याचं घर असण्याची शक्यता मोठी.

दुसरा दयाळ. नर काळा-पांढरा, शेपूट वर उचललेली. हिवाळाभर तो जवळपास मुका असतो, मार्चमध्ये मात्र पहाटे अंधार असतानाच सुरू होतो. लांबलचक, दर वेळी थोडं बदलणारं गाणं. आपल्या शहरातला याच्याइतका चांगला गवई मला माहीत नाही.

तिसरा जांभळा सूर्यपक्षी. विणीच्या हंगामात नर चमकदार निळा-जांभळा होतो, एरवी तो मादीसारखा मळकट पिवळसर आणि गळ्यावर एक काळी पट्टी एवढाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धे रंगलेले, ठिपक्याठिपक्यांचे नर दिसतात. लोक मला विचारतात, हा आजारी आहे का? नाही, तो कात टाकावी तसा पिसं बदलतोय. त्याचं घरटं वेलीच्या किंवा झुडपाच्या टोकाला लोंबतं, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं चिकटवलेलं. कचरा अडकलाय असं वाटून पुष्कळदा आपणच ते ओढून टाकतो. तेवढं मात्र सांभाळा.

मग शिंपी: मुठीत मावणारा जीव, पण ‘टोविट टोविट’ दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येतं. रुंद पानांच्या कडा शिवून घरटं करतो. कुंडीतल्या झाडावरही करतो. त्यानंतर लालबुड्या बुलबुल, सातभाई, विजेच्या तारेवरून झेप घेऊन माशी टिपून परत तारेवर बसणारा वेडा राघू. या सात-आठांशी ओळख झाली की पुढचे आपोआप वेगळे दिसायला लागतात.

कोकिळा गाते की कोकिळ?

नर गातो. तो काळाभोर, डोळे लालबुंद. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा घाईचा. हाक मार्चपासून वाढते आणि पुढे उन्हाळाभर चालते, कारण तिला अंडी कावळ्याच्या घरट्यात घालायची असतात आणि कावळ्यांची घरटी मुख्यतः एप्रिल ते जुलै या काळात असतात. रात्री अडीच वाजता ओरडणाऱ्या कोकिळाबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगते: रस्त्यावरच्या दिव्यांमुळे त्याला रात्र झाल्याचं कळत नसेल, त्याला माफ करा.

रात्री किंवा पहाटे ‘पी-पी-हा’ असं दर वेळी एक पट्टी वर चढत जाणारं ऐकू आलं तर तो पावशा, इथल्या हिंदीतला पपीहा. दोन्ही कोकिळकुळातले, पण पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो.

पळस फुलला की त्याखाली उभं राहायचं म्हणतात. तिथं काय दिसतं?

जेवणावळ दिसते. पळस, काटेसावर आणि पांगारा पानं गाळून फुलतात, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. फुलांत मध असतो, मधाला किडे येतात, म्हणजे मध पिणारे आणि किडे खाणारे दोघंही एकाच झाडावर. बुलबुल, मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, चष्मेवाला, खारी, सगळे चोचीला आणि तोंडाला परागकण माखून हिंडतात. झाडांना याचा फायदा होतोच, परागीभवन त्यांच्यामार्फत होतं.

खास बघायचा पाहुणा म्हणजे भोरडी, जिला पळसमैना असंही म्हणतात. पाठ आणि पोट गुलाबी, डोकं-पंख-शेपूट काळी. ती मध्य आशियाकडून येते, हिवाळा आपल्याकडे काढते आणि एप्रिलमध्ये परत निघते. जाण्यापूर्वी थवे मोठे होतात आणि मोठ्या पक्ष्यांचा गुलाबी रंग उजळतो. काटेसावरीच्या झाडावर, पिकलेल्या पिंपळावर, तुतीवर शोधा. थवा आला की अख्खं झाड किलबिलतं आणि शिक्रा हा शिकारी पक्षी दिसला की एका क्षणात रिकामं होतं.

इंदूरमध्ये खरंच धनेश आहेत का?

आहेत. राखी धनेश, घारीएवढा लांब वाटणारा, लांब शेपटीचा, चोचीवर छोटंसं शिंगासारखं टोक. उंबर-वडाची फळं त्याचं मुख्य खाणं. मार्च-एप्रिलमध्ये जोडी जुन्या झाडाच्या नैसर्गिक ढोलीत घर करते. मादी आत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, नवी येतात, अंडी उबतात, पिल्लं वाढतात. त्या सगळ्या आठवड्यांत नर एकटा खाणं आणून देतो. तो नर मेला तर आतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात.

म्हणून ढोलीखाली गर्दी करू नका, झाडाला काठी मारू नका, ढोलीचा ठावठिकाणा फोटोसोबत सगळीकडे पाठवू नका. आणि हेही लक्षात ठेवा की धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही. दहा वर्षांच्या झाडात त्याच्या मापाची ढोली नसते. पन्नास वर्षांचं झाड पाडून दहा रोपं लावली, म्हणून धनेशाचा हिशेब भरून निघत नाही.

सिरपूरला मार्चमध्ये जाण्यात अर्थ आहे का? बदकं तर गेलेली असतील.

अर्थ आहे, पण महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, चक्रवाक हे टप्प्याटप्प्यानं निघतात. मार्चअखेरपर्यंत बहुतेक गेलेले असतात. जे राहतात तेही बघण्यासारखे आहेत: हळदी-कुंकू बदक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, शेकाट्या, पाणकावळे. एप्रिलकडे वंचक बगळ्याची पाठ तांबूस-किरमिजी होते, गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी छटा चढते. हिवाळाभर एकसारखे दिसलेले पक्षी एकेक वेगळे होतात.

हा तलाव होळकरांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. आज तो पक्ष्यांचा तलाव म्हणून उभा आहे, त्यामागे इंदूरच्या काही माणसांची अनेक वर्षांची चिकाटी आहे. त्यात आपले मराठी कलावंत-छायाचित्रकार भालू मोंढे यांचं नाव सर्वांत आधी घ्यायला हवं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदाच. आपल्या गावाचा मला अभिमान वाटतो अशा गोष्टींत ही फार वर आहे.

सारस बघायचा असेल तर?

यशवंत सागर. मध्य भारतात सारसांसाठी ती महत्त्वाची जागा आहे. माणसाएवढा उंच, मान-डोकं लाल, जवळजवळ नेहमी जोडीनं. त्याची वीण पावसाळ्यात असते. उन्हाळ्याकडे पाणी आटतं तसे ते उरलेल्या पाण्याजवळ येतात. शेताच्या बांधावरूनच बघा, पुढे जाऊ नका.

आपला राज्यपक्षी शहरात दिसतो का?

मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, मराठीत स्वर्गीय नर्तक. मोठा नर दुधासारखा पांढरा, डोकं निळसर काळं, शेपटीत दोन लांब फिती. काही नर तांबूसही असतात, मादी तांबूस आणि आखूड शेपटीची. दाट सावली आणि जवळ पाणी असेल तिथं तो रमतो. प्रवासात असताना शहरातल्या दाट बागेत एखादा दिवस थांबू शकतो, पण खरी आशा रालामंडळ अभयारण्यासारख्या झाडीत. तिथं ओढ्याकाठी गप्प बसून राहा.

आमच्या प्लॉटवर टिटवीनं उघड्यावर अंडी घातली आहेत. काय करावं?

तिचं घरटं तेच. मोकळ्या जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि बहुधा चार अंडी, मातीच्या रंगाची. कधी गच्चीवरही घालते. मालव्यात टिटहरीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात, त्यामुळे जुनी माणसं तिला जपतात.

उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. म्हणून आसपास उथळ पाणी असेल तर तिची पायपीट वाचते. अंडी हलवू नका. चार विटा थोड्या अंतरावर खुणेसाठी ठेवा, गाडी तिथून नेऊ नका, कुत्र्याला आवरा. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच स्वतःच्या पायांनी चालायला लागतात.

आपलं शहर देशात सर्वांत स्वच्छ. मग बागेत पक्षी कमी का वाटतात?

या प्रश्नाची मी वाटच बघत असते.

२०१७ पासून इंदूर स्वच्छतेत सलग कित्येक वर्षं पहिलं आलं. सफाई मित्रांनी ते कष्टानं मिळवलं आहे आणि त्यातला कणभरही मला कमी करायचा नाही. प्लास्टिक, उष्टं, मेलेली जनावरं हटली हे पक्ष्यांसाठीही भलंच आहे. पण वाळलेलं पान हा कचरा नव्हे. आपण प्लास्टिकच्या पिशवीबरोबर तेही झाडून नेतो, इथं गडबड होते.

मार्च-एप्रिल हा पानगळीचा काळ. झाडाखाली साचलेल्या पाचोळ्यात अळ्या, कोश, भुंगेरे, गोगलगायी, कोळी, वाळवी असतात. सातभाई दिवसभर तोच उलटापालटा करतात. दयाळ, चीरक, हुप्प्या, मैना तिथंच खातात. नेमका हाच काळ पिल्लांचा. धान्य खाणारी चिमणीही पिल्लांना पहिले दिवस किडे भरवते, मध पिणारा सूर्यपक्षीही पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. पाचोळा नाही तर पिल्लांचं दूध नाही, असं समजा. जमीन लख्ख झाडलेली, झुडपं चेंडूसारखी कातरलेली, वर विषारी फवारणी झालेली. अशा बागेत झाडं हिरवी दिसतात आणि खाली कुणी नसतं.

मागणी मोठी नाही. वाटा, बाकं, खेळाची जागा झाडून घ्या. एखाद्या मोठ्या झाडाखालचा, कुंपणालगतचा तुकडा तसाच राहू द्या. पाचोळा जाळू नका. बाकीचा बागेतल्याच खड्ड्यात टाकून खत करा. अनेक बागांत तसे खड्डे आहेतही. हे तर इंदूरला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, पाला-पाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३५ मध्ये गांधीजी ती बघायला आले होते. ज्या गावानं पाचोळ्याचं मोल जगाला दाखवलं, त्या गावाच्या बागेत एक कोपरा पाचोळ्याचा असायलाच हवा.

डासांची भीती लोक सांगतात. डासांना साचलेलं पाणी लागतं, कोरड्या पाचोळ्यात ते वाढत नाहीत. करवंट्या, डबे, पिशव्या मात्र उचला. सापांची भीती खरी धरू, म्हणून तो कोपरा मुलांच्या खेळापासून दूर निवडा आणि पाचोळ्यात हात घालू नका.

सोसायटीत मार्च-एप्रिलमध्येच छाटणी ठरते. थांबवता येईल का?

पुढे ढकलता तर नक्की येते. बैठकीत भांडण न करता एवढंच सुचवा: आधी एक सकाळ खालून नीट बघू, घरटं असलेली फांदी यंदा सोडू. वाटेवर झुकलेली वाळकी फांदी धोक्याची, ती काढावीच लागते. पण जिच्याखाली कुणी चालत नाही, ती राहू द्या. तांबट, सुतार, पिंगळा यांचं घर वाळक्या लाकडातच असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण आहे, आणि राज्याच्या २००१ च्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते. हे कागद कुणाच्या तोंडावर फेकायला नकोत, माहीत असले की बोलणं नेमकं होतं.

पाणी कसं ठेवावं?

मातीचं उथळ परळ, इथं ज्याला सकोरा म्हणतात ते. पाणी दोन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या आणि लहान पक्षी बुडत नाहीत. सावलीत, मांजर दबा धरू शकणार नाही अशा जागी. रोज घासून धुवा. शिळं पाणी रोग पसरवतं. उन्हाळ्यात सकोरे वाटण्याचे कार्यक्रम खूप होतात, त्यातले निम्मे मे महिन्यात कोरडे पडलेले दिसतात. एकच ठेवा पण रोज भरा.

शेव-परमल (शेव-मुरमुरे), पोळी, पाव घातला तर?

नको. तळलेलं आणि खारट पक्ष्यांना बाधतं, तलावात टाकलं तर पाणी सडतं. कबुतरांना पोतंभर दाणे टाकणंही थांबवा, त्यांची संख्या वाढते आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. द्यायचंच तर झाड द्या: उंबर, तुती, शेवगा, कढीपत्ता, जास्वंद.

चिमणीसाठी खोका लावायचा आहे. कुठला?

लाकडी, भोक सुमारे ३२ मिलिमीटर, तीनेक मीटर उंचीवर, दुपारचं ऊन न येणाऱ्या भिंतीला. पुठ्ठ्याचा आणि पत्र्याचा नको, आत भट्टी होते. लावला की विसरा, उघडून बघू नका.

पिल्लू खाली पडलंय. घरी आणू का?

आधी पिसं बघा. अंगावर पिसं आहेत, उड्या मारतंय, शेपूट आखूड आहे, तर ते उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात आणि तुम्ही दूर झाल्याशिवाय येत नाहीत. कुत्रं-मांजर असेल तर जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि मागे सरा. अंगावर पिसं नसतील तर घरट्यात परत ठेवा. घरटं सापडत नसेल तर छोट्या टोपलीत गवत घालून त्याच झाडाला बांधा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे.

पाणी चोचीत ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन मरतं. दूध, भात नको. जखम असेल, तर हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला गाठा. पोपटाचं पिल्लू ‘वाचवून’ पिंजऱ्यात पाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे, मग प्रेम कितीही असो.

एक आणखी: संक्रांतीचा मांजा मार्चपर्यंत झाडांत अडकलेला असतो. हाताला येईल तेवढा काढून, तुकडे करून टाका. या एका कामानं किती पंख वाचतात.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावला तर काय बिघडतं?

विणीच्या काळात पुष्कळ बिघडतं. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. तो खाणं आणि पिल्लं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत बसतो. आवाज ओळखायला मर्लिनसारखं अॅप वापरा, ते ऐकून नाव सुचवतं. फक्त फोनचा आवाज बंद ठेवा. घरट्याचे फोटो काढूच नका. आडोशाची पानं बाजूला केलीत की कावळ्याला वाट दाखवलीत.

पक्ष्यांखेरीज काय बघता येईल?

पाठीवर पाच पट्ट्यांची खार, झुडपातून पळणारं मुंगूस, तलावाकाठी घोरपड, विणीच्या रंगात लाल डोकं हलवणारा सरडा. कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड असेल तर पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी शोधा. ती शत्रूला फसवण्यासाठीच तशी असते, पुढे हिरवी होते आणि काळं फुलपाखरू बनते. रुईच्या झाडावर केशरी फुलपाखरू फिरत असेल तर पानाखाली बघा, पट्ट्यापट्ट्यांची अळी सापडेल.

उन्हं वाढली की साप हिंडायला लागतात. बागेत बहुधा धामण, पाण्याजवळ पाणदिवड, दोन्ही बिनविषारी. पण ओळख पक्की नसेल तर ओळखायचा प्रयत्नच करू नका. चार पावलं मागे, त्याला वाट द्या. घरात शिरला तर सर्पमित्राला बोलवा.

माळीदादा हिंदीत नावं सांगतात, ती कशी जुळवायची?

हळद्या म्हणजे पीलक, वेडा राघू म्हणजे पतरंगा, भारद्वाज म्हणजे महोख, तांबट म्हणजे बसंता. मी तर म्हणेन, माळीदादांशी मैत्री ही सर्वांत मोठी दुर्बीण. कोणत्या झाडात पिंगळ्याची जोडी आहे, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक असतं.

मुलांना घेऊन जाताना?

यादी पाठ करून घेऊ नका. एक पक्षी निवडा आणि तो दहा मिनिटं काय करतो ते बघा. सातभाई सर्वांत चांगले, कारण ते सतत भांडतात, एकमेकांची पिसं साफ करतात आणि माणसाला फारसे भीत नाहीत.

नोंदी ठेवाव्यात का?

ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी, काय करत होता. तांबट पहिल्यांदा कधी ऐकला, भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या, एवढ्या दोन ओळी दर वर्षी लिहिल्यात तरी दहा वर्षांनी त्यातून काही सांगता येतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मराठी नावांनीही नोंद करता येते. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, त्यात पंधरा मिनिटंही चालतात.

रंगपंचमीच्या दिवशी जावं का?

पहाटे जरूर जा. सगळं शहर राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला निघालेलं असतं, बागा मोकळ्या मिळतात. रंगाचे फुगे झाडांवर मारू नयेत, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा.

मे उजाडल्यावर काही उरतं का?

उरतं. कावळ्यांची आणि पर्यायानं कोकिळेची वीण जोरात असते, बहावा फुलतो, हळद्याची पिल्लं मागे लागलेली असतात. पाऊस जवळ आला की नवरंग दक्षिणेकडून येतो. रालामंडळच्या झाडीत सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ ऐकायला जा. मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पावसाच्या वाऱ्यांबरोबर चातक पोचतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो पहिल्यांदा दिसेल त्या दिवसाची तारीख वहीत नक्की लिहा.